45 हजारांच्या सायकलला 34 हजारांचे ब्रेक?

प्रश्न : वय 29, पुण्यात नोकरी, हातात पगार 42,000. दोन वर्षांपूर्वी 45,000ची माउंटन बाइक घेतली. हल्ली सिंहगड उतरताना ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकतो. चार पिस्टनच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचा सेट 34,000ला मिळतोय, 12 महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यावर. शिल्लक 50,000 आहे. घेऊ का?

उत्तर : ब्रेकवर खर्च नको, असं मी कुणालाच सांगणार नाही. पण ‘लिव्हर हँडलला टेकतो’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि सगळी मेख तिथेच आहे. लिव्हर मऊ पडून टेकत असेल, तर बहुधा ब्रेकच्या तेलात हवा शिरलीय किंवा डिस्कला घासून चाक थांबवणारे पॅड संपलेत. ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, शेवटचं कधी केलं? नवे ब्रेकही तसेच वापरलेत, तर दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा याल घेऊन.

लिव्हर घट्ट आहे, तरी सायकल थांबत नाही, अशी तक्रार असेल तर आधी पुढची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती, बघा. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पैसेही तिथेच घालायचे. 160 मिमीऐवजी 180 मिमीची डिस्क लावली, तर तेवढ्याच दाबात साधारण 12 टक्के जास्त जोर मिळतो आणि लांब उतारावर ती तापतेही कमी. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) ती चालते का, हे आधी विचारा; अ‍ॅडाप्टरही लागेल. पावसाळ्यात मेटल पॅड जास्त टिकतात, पण स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं छापलेलं असतं, तिच्यावर ते लावू नका. ब्लीडिंग, पॅड, डिस्क धरून माझ्या अंदाजाने पाच-सहा हजारांत काम होईल. नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक मारायचे. त्याशिवाय ते नीट पकडत नाहीत.

आता हप्ता. महिन्याला 2,833 जड वाटणार नाहीत. पण ‘नो-कॉस्ट’मध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, रोखीची सवलत हुकते ती वेगळीच. हप्ता चुकला तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. तुमची शिल्लक जेमतेम सव्वा महिन्याच्या पगाराएवढी आहे. ती तीन महिन्यांच्या खर्चाएवढी होईपर्यंत छंदासाठी कर्ज नको.

चार पिस्टनची हौस मी समजू शकतो. नुसता जोर नाही, सुट्या खडीवर चाक लॉक न होता एका बोटाने वेग आवरता येतो, ही त्याची खरी मजा. शिवाय असे ब्रेक पुढच्या सायकलवरही नेता येतात, म्हणजे पैसे अगदीच वाया जात नाहीत. महिन्याला 2,000 बाजूला टाका. वर्षभराने फक्त पुढचा घ्या, मागे दोन पिस्टन पुरतात. तेल मात्र तपासा : मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेकचं तेल) गेलं, तर सील फुगून ब्रेक निकामी होतो.

आणि ब्लीडिंग होईपर्यंत सिंहगड पायथ्यापर्यंतच.