बर्फात नॉयश्वानस्टाइन: पहिल्यांदा ग्रुप नेताना

जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन किल्ला गाठायला म्युनिकहून फ्युसेनला रेल्वेने साधारण दोन तास, पुढे किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावापर्यंत बस. बायर्न-तिकिटावर (बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं एक दिवसाचं तिकीट) पाच जण जातात, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं. म्हणून जमलं तर शनिवार धर.

किल्ल्याच्या तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते. ती चुकली की तिकीट वाया, आणि ग्रुप रखडतो तो गावातून किल्ल्यापर्यंतच्या पायी चढावरच. एरवी ३०-४० मिनिटांच्या वाटेला बर्फात तासभर धर, कारण वर नेणारी बस तेव्हा बंद असते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर गुळगुळीत तळव्याचे बूट सटकतात. बुटांवर चढवायचे काटे प्रत्येकाकडे हवेतच.

किल्ल्याचा फोटो जिथून घेतात तो मारिएनब्रुके पूल बर्फात बंद ठेवतात. फोटोसाठी फाटक ओलांडू देऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. मोठ्या सॅका आत नेता येत नाहीत.