आधी तारखा, मग हेतू

प्रिय मित्रा,

‘काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांना अमेरिकेने मारलं की नाही?’ या एका प्रश्नापाशी तुझा प्रबंध अडलाय. तुझी घालमेल पोचली. पण हा प्रश्न शेवटचा आहे, पहिला नाही. आधी तारखा लाव.

मोठा कागद घेऊन चार रकाने आख: तारीख, कोणी कळवलं, कोणाला, आणि गोपनीय कागद खुला कधी झाला. काँगोची तेव्हाची राजधानी लिओपोल्डव्हिल, तिथलं घड्याळ वॉशिंग्टनच्या ५-६ तास पुढे. तार निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांची सरमिसळ झाली की प्रश्नाआधी उत्तर आल्यासारखं दिसतं.

आता भर. ३० जून १९६०, बेल्जियमपासून काँगोचं स्वातंत्र्य. ५ जुलै, सैन्यात बंड. ११ जुलै, कटांगा प्रांत फुटला. १४ जुलैला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना तार गेली, परिस्थितीवर लक्ष ठेवा म्हणून. तिच्यावर नाव एकट्या लुमुंबांचं नव्हतं, राष्ट्राध्यक्ष कासावुबूंचंही होतं! मॉस्कोचा माणूस मात्र एकटे लुमुंबा ठरले. जुलैअखेर ते वॉशिंग्टनला गेले. परराष्ट्रमंत्री हर्टर भेटले, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर भेटले नाहीत. थेट मदत नाकारून त्यांना संयुक्त राष्ट्रांकडे बोट दाखवलं गेलं. थेट मदतीची सोव्हिएत विमानं आली ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये. हा क्रम उलटा लावलास तर सगळं अमेरिकी धोरण निव्वळ प्रत्युत्तर वाटू लागतं. म्हणून पुन्हा सांगतो, तारखा लाव.

२६ ऑगस्टला अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए, तिचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांची तार: लुमुंबांना हटवणं हे तातडीचं, अग्रक्रमाचं उद्दिष्ट. ५ सप्टेंबरला कासावुबूंनी लुमुंबांना बडतर्फ केलं, १४ला लष्करातल्या मोबुटूंनी सत्ता घेतली. आणि लुमुंबांना मारण्यासाठीचं सीआयएचं विष लिओपोल्डव्हिलला पोचलं सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पद गेल्यावर! म्हणजे धास्ती त्यांच्या खुर्चीची नव्हती, परत येण्याची होती. हेतू असा दोन तारखांच्या फटीत सापडतो.

याला कारकुनी म्हणणारे भेटतील. म्हणू देत. हेतूंवर हवेत वाद घालण्यात माझी वर्षं गेली, त्याची रुखरुख आहे. तुझी जाऊ नयेत.

आणि ‘अमेरिका’ हा कर्ता वाक्यातून काढ. परराष्ट्र खातं, दूतावास, सीआयएचं स्थानिक केंद्र हे निरनिराळे कर्ते आहेत. १७ जानेवारी १९६१ला कटांगात लुमुंबांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा बेल्जियन अधिकारी हजर होते. १९७५च्या चर्च समितीला, म्हणजे अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीला, विषाचा कट सापडला, पण प्रत्यक्ष हत्येशी सीआयएला जोडणारा पुरावा सापडला नाही. मात्र कैदेतल्या लुमुंबांना हलवणार ही खबर स्थानिक केंद्राला १४ जानेवारीलाच होती. नवे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा शपथविधी २० तारखेचा, म्हणजे हे सगळं आयझेनहॉवर यांच्याच काळातलं.

१४ ते १७ जानेवारी. या चार दिवसांना स्वतंत्र पान दे आणि कोणाकडून कोणाला काय कळवलं गेलं नाही, तेही त्यात लिही.