टॉवेल पाणी पितो, मग चादर का पीत नाही?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे आठ माग, लेक सातवीत, अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीला, घरात बोलणं तेलुगू, शाळेत मराठी, आणि विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत. मोबाईल घरात एकच, तो पण तुमचा, संध्याकाळी तिच्या हातात. "तिला सायन्सची आवड आहे म्हणतात, चांगल्या वेबसाईटची यादी द्या, आणि एका ॲपवाला घरी येऊन गेला, सातवीपासूनच डॉक्टर-इंजिनिअरचा फाउंडेशन कोर्स घ्या म्हणतोय, हप्त्याने पैसे भरता येतील म्हणतोय, काय करू" असं तुम्ही विचारलंय.

पण मला तुमच्या पत्रातली खरी कामाची ओळ खाली सापडली, सही करायच्या आधी सहज लिहिलेली. लेकीने विचारलं की पप्पा टॉवेल पण कॉटनचा आणि चादर पण कॉटनची, मग टॉवेल एवढं पाणी पितो आणि चादर का पीत नाही, आणि तुम्ही म्हणालात जा मोबाईलवर बघ. तिने बघितलं, तर टॉवेल विकणारे व्हिडिओ आले आणि ती पुढे तासभर काहीतरी वेगळंच बघत बसली.

दादा, ॲपवाल्याला नाही म्हणा. आधी हे संपवते. सातवीच्या पोरीला नीट-जेईईचा फाउंडेशन कशाला, तिला अजून आठवीचा विद्युतधारेचा धडा यायचाय. मी स्वतः एकदा असल्याच एका ॲपवर आत काय आहे ते बघायला म्हणून फोन नंबर टाकला होता, पुढचे पंधरा दिवस रोज सकाळ संध्याकाळ फोन, "मॅडम तुमच्या मुलाचं भविष्य". मला मूल नाही हो, मी काउन्सेलर आहे, किती वेळा सांगितलं. तेव्हापासून माझा नियम एकच, जी साईट काही दाखवायच्या आधी नंबर मागते ती बंद. खाली ज्या सांगते त्या सगळ्या फुकट आहेत आणि नंबर दिल्याशिवाय उघडतात.

आता टॉवेल. याचं अर्धं उत्तर तर तुमच्याच कारखान्यात पडलंय. कापसाच्या तंतूला पाणी आवडतं आणि तंतू-तंतूंच्या मधे बारीक फटी असतात, त्या फटीतून पाणी आपोआप वर चढतं, याला मराठीत केशाकर्षण म्हणतात आणि इंग्रजीत कॅपिलरी ॲक्शन. टॉवेलला वर लूप असतात, सूत सैल पिळाचं असतं, त्यामुळे फटी पण जास्त आणि पाण्याला चिकटायला जागा पण जास्त. चादरीची वीण घट्ट, पीळ कडक. म्हणजे चादर पाणी पीतच नाही असं नाही, कमी पिते आणि हळू पिते. आणि नवाकोरा टॉवेल पहिल्या दिवशी नीट पुसत नाही याचं कारण तर तुम्हीच तिला सांगू शकता, विणताना सुताला लावलेली खळ नीट निघाली नसेल किंवा मऊ लागावा म्हणून फिनिशिंगला सॉफ्टनर मारला असेल तर पाणी आधी त्यावरच अडतं, दोन-चार धुण्या झाल्या की टॉवेल सुटतो. हे कुठल्या ॲपवाल्याला माहीत नाही बघा.

या प्रश्नावर तिला जी साईट उघडून द्यायची ती म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, यूएसजीएस म्हणतात, त्यांचा वॉटर सायन्स स्कूल नावाचा विभाग आहे. पाणी या एकाच विषयावर सगळं, त्यात कॅपिलरी ॲक्शनचं वेगळं पान आहे. सर्चमधे "यूएसजीएस कॅपिलरी ॲक्शन" एवढंच इंग्रजी अक्षरात टाका. इंग्रजी आहे पण सोपं. अडलेल्या शब्दाला मराठी विश्वकोशाची साईट उघडायची, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचं काम उभं केलं तोच विश्वकोश, आता सगळा ऑनलाईन फुकट आहे. त्याची भाषा जड आहे हे मान्य, सातवीच्या पोरीला एक पान वाचून झोप येईल, म्हणून तो वाचायला नाही, शब्द शोधायला वापरायचा. तीन भाषांमधे पोरगी गोंधळेल अशी भीती तुम्ही लिहिलीये. मला उलट वाटतं. एकच गोष्ट तेलुगूत तुम्हाला, मराठीत मैत्रिणीला आणि इंग्रजीत वहीत सांगता आली तर ती तिला कळली, नाहीतर पाठ झाली.

आता मुख्य साईट. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाचवी ते आठवीच्या पालकाला मी दोनच आधी सांगते.

पहिली अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरमधून १९७५ ला इंजिनिअर झाले आणि पुढचं आयुष्य पोरांसाठी कचऱ्यातून खेळणी बनवण्यात घालवलं, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. सर्चमधे अरविंद गुप्ता टॉईज टाकलं की येते. दिसायला साईट साधीच आहे, रंगीबेरंगी काही नाही, पोरगी पहिल्यांदा नाक मुरडेल. पण आत खजिना आहे, खेळणी कशी करायची त्याचे फोटो, छोटे छोटे व्हिडिओ, मराठीत पण भरपूर, आणि पुस्तकं शेकड्याने, फुकट डाउनलोड.

त्यातली एकच गोष्ट या रविवारी करा. सेलवर चालणारी मोटर. एक दीड व्होल्टचा सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, थोडी तांब्याची तार. तार बाजारात विकत घेऊ नका, तुमच्या मागाची मोटर जळल्यावर ज्याच्याकडे देता त्या वाइंडिंगवाल्याकडे हातभर मागा, तो हसून देईल. तारेची गुंडाळी करायची, दोन टोकं बाहेर, आणि इथे गंमत आहे, त्या तारेवर लाखेसारखा थर असतो तो एका टोकावरून पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावरून फक्त अर्ध्या बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली की मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. का, ते तिला शोधू दे, तुम्ही सांगू नका (अर्ध्या फेरीत करंट तोडावा लागतो, नाहीतर चुंबक गुंडाळीला पुढे ढकलतो तसाच मागे पण ओढतो, हे तुमच्यापुरतं ठेवा). तार फार वेळ लावून ठेवली तर सेल तापतो, म्हणून मधे मधे काढायची. आणि घरातल्या बोर्डाला हात नाही, कारखान्यातल्या थ्री फेजजवळ तर अजिबात नाही, हे दोनदा सांगा. तुमच्या मागाची मोटर वेगळ्या जातीची आहे पण करंट आणि चुंबक हेच तिथे पण चाललंय.

दुसरी साईट फेट. इंग्रजी अक्षरं पी, एच, ई, टी आणि पुढे कोलोरॅडो असं टाका. कार्ल वायमन नावाच्या शास्त्रज्ञाला २००१ ला फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्याने त्या बक्षिसाच्या पैशातला काही भाग घालून २००२ ला कोलोरॅडो विद्यापीठात हे सुरू केलं. यात व्हिडिओ नाहीत, स्क्रीनवरचे प्रयोग आहेत, बॅटरी बोटाने ओढून आणायची, बल्ब जोडायचा, वायर लावायची, चुकलं तर स्क्रीनवरच आग लागते आणि घर शाबूत राहतं. बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, तेलुगूत पण आहेत, म्हणजे तिच्या आज्जीला पण दाखवता येईल. सर्किट, घनता, पदार्थाच्या अवस्था, स्केट पार्कवाली ऊर्जा, इतकी पुरे सातवीला. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं, डेटा संपत नाही.

फक्त एक करा. फेट उघडून दिलं की आधी विचारा, "आता हा बल्ब अजून एक लावला तर पहिला मंद होईल की तसाच राहील?" तिने अंदाज वहीत लिहायचा आणि मगच बोट लावायचं. अंदाज न लिहिता केलं तर ते गेम होतं, दहा मिनिटात कंटाळा. मी शाळेत शिकवायचे तेव्हा ही चूक पोरांची नाही, माझीच असायची, कॉम्प्युटर लॅबमधे चाळीस पोरं बसवून "खेळा" म्हणायचे आणि तासाच्या शेवटी कुणालाच काही सांगता यायचं नाही.

बाकीच्या भराभर सांगते. बालभारतीच्या पुस्तकात धड्याला जो चौकोनी कोड असतो तो दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य येतं, परीक्षेआधी बरं पडतं, काही व्हिडिओ चांगले काही रटाळ. खान अकॅडमी समजावून सांगण्यात चांगली, पण शाळेतला धडा कळला नसेल तेव्हाच उघडायची, सगळं पहिल्यापासून बघत बसायचं नाही. नासाची स्पेस प्लेस साईट पोरांसाठीच आहे, छोटे लेख, इंग्रजी वाचनाची सवय पण लागते. विकिपीडियाचं सोपं इंग्रजीवालं रूप आहे ते पण तसंच. चॅटबॉटबद्दल पण विचारलंय तुम्ही, तर तो उत्तर इतक्या ठासून देतो की चुकलेलं पण खरं वाटतं, सातवीच्या पोरीला ते पकडता येणार नाही, तुम्ही शेजारी असाल तेव्हाच. यूट्यूबचं ऑटोप्ले मात्र आजच बंद करा, टॉवेलपासून तासभर भलतीकडे गेली ती त्यामुळेच.

आकाशाचं थोडं सांगायला पाहिजे कारण सोलापूरकरांना हे फुकटात मिळतं, उन्हाळ्यात आपण अर्धे लोक गच्चीवरच झोपतो की. स्टेलॅरियम नावाची साईट आहे, ठिकाण सोलापूर टाकलं की आत्ता डोक्यावर कुठला तारा कुठला ग्रह ते दिसतं. आणि शून्य सावलीचा दिवस, आपण कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सोलापूरला साधारण १०-११ मेला आणि परत १-२ ऑगस्टच्या आसपास, दुपारी बारा वीस ते बारा पस्तीसच्या मधे. गच्चीवर एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवायचा, सावली गायब होते. दिल्लीच्या पोरांना हे जन्मात घरी बघता येणार नाही. ऑगस्टला ढग असतात, मेला ऊन मरणाचं, तरी मेमधे टोपी घालून दहा मिनिटं जा. आणि पुणे रोडला केगावजवळ विज्ञान केंद्र आहे, एक सुट्टी तिकडे.

आता करिअर, कारण शेवटी तुम्ही मला त्यासाठीच लिहिलंय. सातवीत ठरवायचं काही नाही, पण तीन गोष्टींच्या तारखांवर लक्ष ठेवा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, तुमची शाळा अनुदानित आहे म्हणून तिला बसता येईल, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत लागतं, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, आत्तापासून कागद जमवा. दुसरं, इन्स्पायर मानक, सहावीपासून पुढच्या पोरांच्या नव्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची योजना, निवड झाली तर १०,००० रुपये मिळतात, पण नाव शाळेनेच ऑनलाईन पाठवायचं असतं, म्हणून विज्ञानाच्या बाईंना जाऊन भेटा, बऱ्याच शाळा विसरतात. तिसरं, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, ती सहावी आणि नववीला असते, सहावीची गेली, नववीला बघू. ती मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते, तिच्या नावाने क्लासवाले जे पॅकेज विकतात त्यांचा तिच्याशी संबंध नाही.

आणि डॉक्टर-इंजिनिअर सोडून पण जग आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही कापडात आहात. टॉवेल पाणी का पितो याच प्रश्नावर पगार घेणारे लोक असतात. मुंबईत माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, १९३३ पासूनची, तिथे तंतू आणि कापडाचं रसायनशास्त्र शिकवतात, इचलकरंजीला डीकेटीई हे कापड आणि इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. आत्ता तिच्यापुढे ही नावं काढू नका, नाहीतर उद्यापासून तो पण अभ्यास होईल. तुम्हाला माहीत असू दे एवढंच.

तर या रविवारी मोटरच्या आधी हे करा. टॉवेलची एक पट्टी, चादरीची एक पट्टी, दोन्ही एकाच रुंदीच्या, दोन बोटं पुरे, आणि तिसरी पट्टी चार धुण्या झालेल्या जुन्या टॉवेलची. ग्लासात शाई टाकलेलं पाणी, तिन्ही पट्ट्यांचं खालचं टोक फक्त सेंटिमीटरभर बुडेल अशा वर दोरीला टांगायच्या. पाच पाच मिनिटांनी फूटपट्टीने मोजायचं, पाणी किती सेंटिमीटर चढलं, अर्धा तास. आधी तिने अंदाज लिहायचा, तुम्ही पण लिहा, वेगळ्या कागदावर, तिला न दाखवता. मग तेवढ्याच तीन कोरड्या पट्ट्या घेऊन आधी वजन करा, पूर्ण भिजवून निथळून परत वजन करा, कारखान्यातला सुताचा काटा मोठा पडेल, ओळखीच्या सोनाराकडे जा. चढण्याची उंची आणि प्यायलेलं वजन यांचा क्रम एकच येतो का ते बघायचंय, मला वाटतं तिथे तुम्हाला दोघांना धक्का बसेल. आकडे वहीत तिच्या हाताने लिहिलेले पाहिजेत, पानाचा फोटो काढून मला पाठवा, तुमचा अंदाज चुकला असेल तर तो पण पाठवा, लपवू नका.