ख्रिसमस बॉक्स म्हणजे पेटी नव्हे, पोस्त!

प्रश्न असा आहे की रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२० मधल्या लंडनच्या कथेचा अनुवाद चाललाय, त्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी रस्ते झाडणारा दारात येऊन ख्रिसमस बॉक्स मागतो, तर तिथे 'नाताळची पेटी' लिहिलं तर चालेल का.

नाही चालणार, कारण त्याला पेटी नकोच आहे, त्याला पैसे हवेत. पेटी आधी खरोखरच होती, मातीची, आपल्या मातीच्या गल्ल्यासारखी, वर नुसती फट, दुकानातली शिकाऊ पोरं ती गिऱ्हाइकांपुढे धरायची आणि नाताळात फोडून आतले पैसे वाटून घ्यायची. सतराव्या शतकातला लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स, त्याच्या डायरीत डिसेंबर १६६३ मध्ये चांभाराकडच्या पोरांच्या पेटीत पैसे टाकल्याची नोंद आहे. पुढे पेटी गेली, शब्द तेवढा राहिला आणि रीजन्सीपर्यंत बॉक्स म्हणजे ते पैसेच असा अर्थ पक्का झाला, २६ डिसेंबरला कचरा नेणारे, रात्रीचे पहारेकरी, दिवे लावणारे, टपालवाले असे सगळे वर्षभर राबलेले लोक घरोघर जाऊन तो मागायचे. २६ डिसेंबरला बॉक्सिंग डे म्हणतात, त्यातलं बॉक्सिंग ते हेच, मुष्टियुद्धाचा काही संबंध नाही. (कायद्याने सुट्टी १८७१ मध्ये मिळाली, हे फार नंतरचं.)

आता मराठी शब्द. आपल्याकडे दिवाळीत पोस्टमन, वॉचमन, कचरेवाल्या मावशी यांना देतो ती पोस्त, डिट्टो तीच गोष्ट. मला तर इतका चपखल जुळणारा शब्द क्वचितच सापडतो. बक्षीस म्हणालात तर ते देणाऱ्याच्या खुशीवर, कधीही दिलं तरी चालतं, चिरीमिरीला लाचेचा वास येतो, पण पोस्त सणाला बांधलेली असते आणि मागणारा ती हक्काने मागतो, ओशाळत नाही. लंडनचा तो झाडूवाला अगदी तसाच दारात उभा आहे, म्हणून त्याच्या तोंडी "साहेब, नाताळची पोस्त?" एवढंच द्या.

फक्त 'नाताळची' हा शब्द गाळू नका, नुसतं पोस्त लिहिलंत तर आजची पोरं पोस्ट वाचतील, आणि खसखशीच्या बोंडालाही पोस्तच म्हणतात!