इंग्लंडच्या जंगलातलं अपुऱ्या पाकळ्यांचं पिवळं फूल कोणतं?

एप्रिलअखेर, दक्षिण इंग्लंडमधलं जुनं जंगल, आजूबाजूला ब्लूबेल फुललेली, वीतभर उंचीचं रोप आणि त्यावर चकचकीत पिवळी फुलं. कुठे तीन पाकळ्या, कुठे दोन, एका फुलाला तर एकही नाही. कीड लागली आहे की रोग, असं तुम्ही विचारलं आहे. रोप अगदी निरोगी आहे, काळजी करू नका. उलट त्या अपुऱ्या पाकळ्यांमुळेच मला जवळजवळ खात्री वाटते की हे गोल्डीलॉक्स बटरकप आहे, शास्त्रीय नाव रॅनन्क्युलस ऑरिकोमस. मीही इथेच राहतो आणि दर वसंतात हे फूल मुद्दाम शोधायला जातो. ब्रिटनमधले नेहमीचे बटरकप कुरणात, बागेत, ओलसर बांधावर वाढतात. मूळचं इथलंच आणि झाडांच्या सावलीत रमणारं हेच.

मात्र नुसत्या फुलावरून नाव पक्कं करू नका. काही रोपांना पाचही पाकळ्या नीट येतात आणि मग भलताच गोंधळ होतो. बटरकप ओळखताना मी आधी पानांकडे बघतो. या रोपाची बुडाशी असलेली पानं लांब देठाची, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची असतात, कडा बोथट दातऱ्यांच्या, कधी तीन किंवा पाच खाचा. खोडावरची पानं पाहा: त्यांना देठ जवळपास नसतोच आणि ती थेट बुडापर्यंत चिरलेली असतात, अरुंद पट्ट्यांसारखी. एकाच रोपावर दोन वेगळ्या झाडांची पानं चिकटवल्यासारखं वाटतं. हे दिसलं की माझ्यासाठी प्रश्न मिटतो.

त्याच सुमारास, त्याच सावलीत लेसर सेलंडाइनही फुलतं आणि लोक हमखास त्यालाच बटरकप म्हणतात. त्याला आठ ते बारा अरुंद पाकळ्या, खाली तीन निदलं (पाकळ्यांच्या खालची, कळीला झाकणारी पानांसारखी दलं) आणि तुकतुकीत, हृदयाच्या आकाराची पानं असतात. जंगलाच्या वाटेवर क्रीपिंग बटरकपही घुसतं. ते जमिनीलगत धुमारे टाकत पसरतं, आणि फुलाचा देठ चिमटीत धरून फिरवला तर त्यावरच्या पन्हळी बोटांना जाणवतात. गोल्डीलॉक्सचा देठ गुळगुळीत लागतो. बल्बस बटरकपची निदलं खाली देठाकडे दुमडलेली असतात, याची तशी दुमडत नाहीत. हातभिंग असेल तर फुलं गळल्यावर बारीक फळं पाहा, त्यांवर मऊ लव असते.

आता पाकळ्यांबद्दल, कारण मला या रोपाची सगळ्यात मोठी गंमत तिथे वाटते. याचं बी बहुधा फलन न होताच तयार होतं. परागकण लागतात, पण बियांतल्या अन्नसाठ्यासाठी. गर्भ मात्र आईचीच नक्कल असतो. त्यामुळे एका जंगलातली पाकळ्यांची तऱ्हा त्या जंगलातल्या पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. एका ठिकाणची रोपं जवळपास बिनपाकळ्यांची, तर काही मैलांवरची पाचही पाकळ्या मिरवणारी, असं खरोखर दिसतं. युरोपात अशा थोड्याथोड्या फरकाच्या शेकडो सूक्ष्मजातींची वेगवेगळी वर्णनं झाली आहेत. पाकळ्या नसल्या तर पिवळसर निदलंच त्यांची जागा घेतात. आपल्याकडेही याच कुळात हे पाहायला मिळतं: सह्याद्रीतली मोरवेल आणि पावसाळ्यानंतर फुलणारी निळवंती दोन्ही बटरकपच्या कुळातल्या, आणि मोरवेलीची पांढरी, निळवंतीची निळी शोभा मुख्यतः निदलांचीच असते.

दोन गोष्टी सांभाळा. बटरकपच्या कुळात विषारी वनस्पती भरपूर, बचनागही त्यातलाच, आणि चुरडलेल्या बटरकपच्या रसाने कातडीवर फोडही येऊ शकतात. गोल्डीलॉक्स त्यामानाने सौम्य समजलं जातं, तरी मुलांना चाखू देऊ नका. दुसरं म्हणजे, ओळखण्यासाठी रोप उपटू नका. 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानरोप मुळासकट काढणं हा इथे गुन्हा आहे. शिवाय हे फूल जुन्या, न मोडलेल्या जंगलाची खूण मानलं जातं. अशा जागा कमी उरल्या आहेत आणि तुमच्या घराजवळ एक आहे, याचा मला खरंच आनंद झाला.

मेअखेरीपर्यंत पुन्हा जाता आलं तर जा. वरची पालवी दाट झाली की ते शोधणं अवघड होतं. चार फोटो काढा: बुडाची पानं, खोडावरचं पान, फूल समोरून आणि फूल मागून, निदलं दिसतील असं. ते आयनॅचरलिस्ट किंवा आयरेकॉर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर ठिकाणासह टाका, म्हणजे नोंदही होईल. इथेही टाका. बुडाचं पान स्पष्ट दिसलं, तर मी ‘जवळजवळ’ हा शब्द काढून टाकेन.