कामगार कार्यालयातील तक्रारीने मुदत थांबत नाही

परदेशातील नोकरी संपवून घरी परतलेल्यांची पत्रे या सदराकडे सतत येतात आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो: ‘तक्रार केलेली आहे, तेव्हा हक्क सुरक्षित आहे ना?’ दक्षिण कोरियात तेजॉन शहराजवळच्या एका खासगी विद्यापीठात मार्च २०१९ ते फेब्रुवारी २०२३ अशी चार वर्षे इंग्रजी शिकवून पुण्याला परतलेल्या एका वाचकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पाठवलेले पत्रही त्याच प्रश्नावर संपते. ई-१ (प्राध्यापकांसाठीचा) व्हिसा, दरवर्षी नव्याने सही केलेला एक वर्षाचा करार, महिना २६ लाख वोन वेतन आणि करारात एक कलम, की या वेतनात सेवासमाप्तीच्या रकमेचे दरमहा दोन लाख वोन समाविष्ट आहेत. नोकरी सुटल्यावर विद्यापीठाने काहीच दिले नाही. मे २०२३ मध्ये त्यांनी तेथील प्रादेशिक कामगार कार्यालयात तक्रार नोंदवली, पण घरच्या अडचणीमुळे ते भारतात परतले, कार्यालयाने दोनदा बोलावूनही उत्तर दिले नाही आणि तक्रार निकाली काढण्यात आली. आता ते कलम वैध आहे का, आठवड्याला १२ तास शिकवणाऱ्याला ही रक्कम मिळते का, निवृत्तिवेतन निधीत कापलेले पैसे परत मिळतील का आणि ‘सवड होताच’ दावा लावला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची सर्व उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. सवड होताच चालणार नाही. परकीय नागरिकालाही सेवासमाप्तीची रक्कम, म्हणजे ज्याला तेथे ‘थ्वेजिकगम’ म्हणतात ती, मिळते आणि ती दर वर्षाच्या सेवेमागे ३० दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते, हे तुम्ही स्वतःच पत्रात लिहिले आहे, म्हणून त्यावर शब्द खर्च करीत नाही. तुम्ही जे लिहिलेले नाही ते असे की हा हक्क तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. नोकरी २८ फेब्रुवारी २०२३ रोजी संपली. विद्यापीठाला रक्कम देण्यासाठी १४ दिवस मिळतात म्हणून मुदतही १४ दिवसांनी सुरू होते, असे गृहीत धरून तुम्ही मार्चच्या मध्यापर्यंत वेळ असल्याचा हिशेब मांडला आहे. ते १४ दिवस रक्कम चुकती करण्यासाठी आहेत; मुदत नोकरी संपल्यापासूनच मोजली जाते असे धरून चालावे. २८ फेब्रुवारी २०२६ हा शनिवार आहे, १ मार्च ही तेथील राष्ट्रीय सुट्टी आहे आणि ती रविवारी येत असल्याने २ मार्चलाही सुट्टी राहील. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आल्यास ती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत जाते, हे मला माहीत आहे. तरीही तुमच्या वहीत शुक्रवार, २७ फेब्रुवारी हाच शेवटचा दिवस लिहा. चांद्र नववर्षाची सुट्टीही २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच आहे, तेव्हा त्या महिन्यातील कामाचे दिवस दिसतात तेवढे नाहीत.

आणि मे २०२३ मधील तक्रार? तिने ही मुदत एक दिवसही थांबवलेली नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवलेले अनेक लोक येथेच अडखळतात. कामगार कार्यालयात केलेली तक्रार ही प्रशासनाकडे केलेली मागणी आहे: निरीक्षकाने दोन्ही बाजू ऐकाव्यात, रक्कम थकली असल्यास मालकाला ती देण्यास सांगावे, न दिल्यास फौजदारी कारवाई करावी. कोरियाच्या दिवाणी संहितेत मुदत खंडित होण्याची (थांबून नव्याने मोजली जाण्याची) जी कारणे दिली आहेत, म्हणजे न्यायालयीन मागणी, जप्तीसारखी कारवाई आणि ऋणकोने देणे मान्य करणे, त्यांत अशी तक्रार बसत नाही. तुमची तक्रार आजही चालू असती तरी उत्तर हेच राहिले असते. दोन बोलावणी येऊनही ‘मी भारतात आहे, ई-मेलने जबाब देऊ का’ एवढी एक ओळ न कळवणे हा निष्काळजीपणा आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण त्याने बिघडले ते वेगळे आहे. निरीक्षकाने रक्कम थकीत असल्याचे प्रमाणपत्र दिले असते, तर त्याच्या बळावर, वेतनमर्यादेत बसत असाल तर, तेथील कायदेविषयक साहाय्य महामंडळाकडून दाव्यासाठी विनामूल्य वकील मिळण्याची वाट खुली होती. ती वाट नव्याने तक्रार करून पुन्हा उघडता येईल, पण तिच्यावर विसंबून बसू नका. अशा तक्रारीला २५ दिवसांची मुदत ठरलेली आहे आणि ती वाढवली जाते.

पुण्यात तुम्हाला कोणीतरी वकिलाची नोटीस पाठवण्याचा सल्ला दिला आहे. आपल्याकडे नोटिशीने मुदत मुळीच वाढत नाही. कोरियात ती थोडी वाढते, पण अटीवर. मुदत संपण्याआधी मागणीपत्र समोरच्याला पोहोचले आणि ते पोहोचल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा किंवा तत्सम कारवाई झाली, तरच त्या मागणीपत्राचा उपयोग होतो. म्हणजे डिसेंबरात पोहोचलेल्या पत्राने जूनपर्यंतचा अवधी मिळतो. दर सहा महिन्यांनी नवे पत्र पाठवत मुदत पुढे ढकलत राहता येत नाही, कारण गणना दाव्याच्या तारखेपासून मागे सहा महिन्यांत पोहोचलेल्या पत्रापासूनच होते आणि ते पत्र मूळ मुदतीच्या आत पोहोचलेले असावे लागते. हे मागणीपत्र तेथील टपाल खात्याच्या मजकूर-प्रमाणित पद्धतीने (पत्रात काय लिहिले होते ते टपाल खातेच प्रमाणित करते), कोरियन भाषेत, विद्यापीठाच्या नव्हे तर ते चालवणाऱ्या शाळा-संस्थेच्या नावे जावे, कारण करारातील मालक सहसा ती संस्था असते. करारावरील शिक्का कोणाचा आहे ते पाहून घ्या. साध्या ई-मेलने काम होणार नाही असे मी म्हणत नाही, पण ती पोहोचली हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर राहील.

माझ्या मते मागणीपत्राच्या भरवशावर न राहता जानेवारीतच न्यायालयात जावे. तुमची मागणी तीन कोटी वोनच्या आतली असल्याने ती लघुदाव्यात बसते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे रक्कम देण्याच्या आदेशासाठी केलेला अर्ज. न्यायालय कागदपत्रांवरूनच आदेश काढते, विद्यापीठाला दोन आठवड्यांत हरकत घेता येते आणि हरकत घेतल्यास प्रकरण नेहमीच्या दाव्यात रूपांतरित होते. बहुधा हरकत येईलच. तरीही मुदत अर्जाच्या तारखेलाच खंडित झालेली असते आणि तुम्हाला हवे आहे ते तेवढेच. एक खबरदारी घ्या: कोरियात वास्तव्य नसलेल्या वादीकडून खर्चापोटी तारण घ्यावे, अशी मागणी प्रतिवादी करू शकतो. ती होईलच असे नाही, पण झाली तर थोडी रक्कम अडकेल.

हे सर्व तुमच्या वतीने कोण करणार? पत्रात तुम्ही एका ‘नोमुसा’चा, म्हणजे तेथील परवानाधारक कामगार-सल्लागाराचा, उल्लेख केला आहे. त्याचे क्षेत्र कामगार कार्यालय हे आहे. दिवाणी न्यायालयात तो तुमची बाजू मांडू शकत नाही, तिथे वकीलच लागतो. त्या वकिलाला द्यायचे मुखत्यारपत्र येथे नोटरी करून, राज्य स्तरावर साक्षांकित करून, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा) घेऊन पाठवावे लागण्याची शक्यता आहे. भारत व कोरिया दोन्ही अपोस्टिल करारात असल्याने वकिलातीत वेगळी खेप घालावी लागू नये. तथापि या साक्षांकनातच आठवडे जातात, म्हणून कागद डिसेंबरात हलले पाहिजेत.

आता करारातील त्या कलमाकडे वळू. सेवासमाप्तीची रक्कम दरमहा वेतनात मिसळून देण्याचा करार कोरियात अवैध आहे, कारण हा हक्क नोकरी संपतानाच उत्पन्न होतो आणि तो आधीच सोडून देता येत नाही. परंतु कलम अवैध ठरले म्हणजे विद्यापीठ रिकाम्या हाताने परतले, असे मात्र नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मे २०१० मध्ये असे ठरवले की वेगळी दाखवून दिलेली रक्कम कामगाराने विनाकारण मिळवलेला लाभ ठरतो आणि मालक ती वजा करू शकतो, मात्र ती वजावट सेवासमाप्तीच्या रकमेच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नये. तुमच्या आकड्यांत सांगायचे तर वेतन २४ लाख आणि वेगळे दोन लाख, असे मानले गेल्यास चार वर्षांची रक्कम सुमारे ९६ लाख वोन होते आणि विद्यापीठाला वजावटीने त्यातील ४८ लाखांपर्यंतच हात घालता येतो. उरलेल्यासाठी त्यांना स्वतंत्र मागणी करावी लागेल. याउलट दोन लाखांची विभागणी केवळ कागदोपत्री, ही रक्कम टाळण्यासाठीच केलेली होती असे न्यायालयाला पटले, तर पूर्ण २६ लाख हेच वेतन ठरते, परत काही द्यायचे राहत नाही आणि मागणी एक कोटी चार लाख वोनच्या आसपास जाते.

यातील कोणते चित्र तुमचे, ते पगारपत्रक सांगेल. तुम्ही पाठवलेल्या जानेवारी २०२३ च्या पगारपत्रकाच्या छायाचित्रात देय रकमांच्या स्तंभात एकच ओळ आहे, २६ लाखांची. दोन लाखांची वेगळी ओळ नाही. हे तुमच्या बाजूचे आहे. पण चार वर्षांतील एक महिना म्हणजे चार वर्षे नव्हेत. सर्व ४८ पगारपत्रके हवीत, आणि बँकेचा उताराही. मार्च २०१९ च्या पहिल्या करारात हे कलम होते की ते नंतरच्या नूतनीकरणात घुसले, तेही तपासा.

१२ तासांविषयी मी निश्चित मत देणार नाही. चार आठवड्यांच्या सरासरीत आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी ठरलेले काम असेल तर ही रक्कम मिळत नाही, हा नियम खरा आहे आणि विद्यापीठ हाच मुद्दा पहिल्यांदा काढेल. तुमच्या करारात १२ तास अध्यापन आणि तीन तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी कक्षात उपस्थिती असे लिहिले आहे. बेरीज १५ येते आणि १५ म्हणजे ‘१५ पेक्षा कमी’ नव्हे. शिवाय जुलै २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अंशकालीन व्याख्यात्यांच्या एका प्रकरणात केवळ वर्गातील तास मोजणे चुकीचे आहे, तयारी व अनुषंगिक कामाचाही विचार व्हावा, असे म्हटले. ते प्रकरण सुट्टीच्या व रजेच्या वेतनाचे होते. तुमच्या प्रकरणाला ते किती लागू पडेल हे तेथील वकिलानेच सांगावे. परीक्षेचे पेपर तपासणे, गुण संगणकात भरणे, हिवाळी शिबिराच्या बैठका, यांच्या तारखा असलेले जे काही संदेश फोनमध्ये असतील ते पुसू नका.

तुमचा गृहीत धरलेला मुद्दा खोडून काढावा लागतो तो आणखी एका ठिकाणी. ‘पाच वर्षे पूर्ण झाली नव्हती म्हणून मी आधी गप्प बसलो’, असे तुम्ही लिहिता. पाच वर्षांची अट आपल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली होती. कोरियात एक वर्ष पुरते, आणि खंड न पडता नूतनीकरण झालेले करार सलग सेवा म्हणून मोजले जातात. येथील कायद्याचे चष्मे लावून तेथील करार वाचल्याने तुमचे पहिले वर्ष वाया गेले. तशीच आपल्या मुदत कायद्याच्या कलम १४ ची, म्हणजे चुकीच्या दारात गेलेला काळ वगळण्याची, आशाही तेथे धरू नका.

निवृत्तिवेतन निधीचा प्रश्न वेगळ्या कार्यालयाचा आहे. पगारपत्रकात ‘कुकमिन योन्गम’ म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतनाची साडेचार टक्के कपात दिसते, खासगी शाळा-शिक्षकांच्या निधीची नाही; त्यामुळे सेवासमाप्तीची रक्कम वेगळी मागता येते, हेही त्यातूनच स्पष्ट होते. भारत-कोरिया सामाजिक सुरक्षा करार १ नोव्हेंबर २०११ पासून अमलात आहे आणि कोरिया सोडून आलेल्या भारतीय नागरिकाला तुमचा व विद्यापीठाचा असा दोन्ही हिस्सा एकरकमी परत मागता येतो. येताना इंचॉन विमानतळावरच ती रक्कम घेण्याची सोय होती. तुम्ही ती घेतली नाही, तेव्हा आता टपालाने अर्ज करा. या अर्जाचीही स्वतंत्र मुदत आहे, म्हणून तो फेब्रुवारीनंतरसाठी ठेवू नका, पण वकिलाच्या कामाआधीही करू नका.

राहिला तो एप्रिल २०२३ चा ई-मेल, ज्यात विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाने तुम्हाला उत्तर दिले होते. तुम्ही त्याचा आशय ‘आम्ही बघतो’ असा सांगता. तसे असेल तर तो निरुपयोगी आहे. परंतु त्यात उरलेली रक्कम देऊ, हिशेब पाठवतो, अशा अर्थाचे एखादे वाक्य असेल, तर ते देणे मान्य केल्याचे ठरू शकते आणि तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातील. तो मेल विद्यापीठाच्याच खात्यावर आला होता आणि ते खाते बंद झाले, असे तुम्ही लिहिता. आपल्याच पैशांविषयीचा पत्रव्यवहार समोरच्या पक्षाच्या खात्यावर का ठेवावा, हे मला समजत नाही. तुम्ही तो तेव्हा तुमच्या सहकारी शिक्षिकेला पुढे पाठवला होता, असेही तळटीपेत आहे. त्यांच्याकडून मूळ कोरियन मजकूर, तारीख व पाठवणाऱ्याचे पद यांसह याच आठवड्यात मागवा आणि तो मिळाला तरी अर्ज जानेवारीतच करा.