सूरशंका : पांढऱ्या पट्ट्यांवरचं ग्रेगरियन गायन

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. नातवानं मोबाईलवर ख्रिस्ती साधूंचं लॅटिन गाणं लावून दिलं. ग्रेगरियन चांट म्हणतात म्हणे. ताल नाही, वाद्य नाही, शब्द कळत नाहीत, तरी जागचा उठलो नाही. हजार वर्षांपूर्वीचं हे गाणं आजही लोकांना धरून ठेवतं, ते कशामुळे? कुठली रेकॉर्डिंग ऐकावीत? आणि त्याचं नोटेशन माझ्यासारख्याला वाचता येईल का?

उत्तर : येईल की! हाताखाली पेटी आहे, म्हणजे अर्धं काम झालंच. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

पांढरी दोनला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वरच्या सापर्यंत जा. काफीचे स्वर मिळतील. तसंच पांढरी तीनपासून वाजवलं की भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज. ग्रेगरियन चाली सहसा या चारांपैकी एका स्वरावर येऊन टेकतात. प्रत्येकाचे दोन प्रकार, एक वरच्या अंगानं फिरणारा, दुसरा खाली उतरणारा, असे आठ मोड, म्हणजे चालींचे साचे, होतात. काळी पट्टी लिहिलेली सापडेल ती एकच, काळी पाच. ती आली की चारवरच्या कल्याणाचा तीव्र मध्यम शुद्ध होतो आणि बिलावल ऐकू येतो. मात्र याला राग म्हणू नका. थाटाचे स्वर जुळतात, चलन वेगळं. तरी पाठाचा एक मुख्य स्वर तिथंही असतो आणि गाणारे बराच वेळ त्याच्यावर राहतात. पहिल्या मोडमध्ये तो पंचम, दुसऱ्यात सा तोच पण मुक्काम कोमल गंधारावर. एवढ्या फरकानं सगळा रंग बदलतो.

आता कागद. चार रेघा आणि त्यांवर चौकोनी ठिपके. डावीकडची खूण फक्त पाश्चात्य सरगमेतला ‘डो’ किंवा ‘फा’ कुठल्या रेघेवर आहे ते सांगते. पट्टी ठरलेली नाही, काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार, गळ्याला जी झेपेल ती. दोन ठिपके एकावर एक असतील तर खालचा आधी गायचा. तिरक्या उतरत्या चौकटी म्हणजे एकेक स्वर खाली येणं. ओळीच्या शेवटी एक बारीक खूण असते, पुढच्या ओळीचा पहिला स्वर आधीच दाखवणारी. फार सोयीची! छोटी उभी रेघ आली की किंचित थांबा, मोठी आली की श्वास. शब्दांनंतर ‘आयआयजे’ अशी अक्षरं दिसली की तो तुकडा तीनदा गायचा.

रेघांची ही पद्धत रुजवली ती अकराव्या शतकातल्या ग्वीदो दारेत्सो या साधूनं. मुलांना स्वर शिकवायला त्यानं संत जॉनचं एक स्तोत्र घेतलं. त्याच्या पहिल्या सहा ओळींत प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते, आणि त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांतून उत (पुढं त्याचाच ‘डो’ झाला), रे, मी, फा, सोल, ला आले. घाटाखाली गोव्यात 24 जूनला सांजावाला पोरं विहिरीत उड्या मारतात ना, तो सण याच संताचा.

लोकांना काय धरून ठेवतं, याचं माझं उत्तर एकच आहे: शब्द. तुम्हाला शब्द कळत नाहीत, तरीही शब्दच. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या गोव्याच्या, लॅटिन मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत वाढलेल्या. तेराव्या शतकातल्या ‘पांजे लिंग्वा’ या स्तोत्राची शेवटची दोन कडवी, ‘तांतुम एर्गो’, त्यांना तोंडपाठ आहेत. त्या जुन्या चालीत गात होत्या. मी पांढरी तीनला धरून भैरवीचे स्वर देऊ लागले, तर त्यांनी हात वर केला, “वाजवू नको ग, शब्द बुडतात.” पेटी थांबली आणि मग मला नीट ऐकू आलं. जोराच्या अक्षरावर आवाज उचलतो, शब्द संपताना सोडला जातो, आणि ओळीची लांबी श्वास ठरवतो. समेची वाट बघायची नसते, म्हणून ऐकणाऱ्याचंही मन पुढं धावत नाही.

त्यातून हे गाणं रोजच्या नेमाचं. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणं बायबलमधली 150 स्तोत्रं आठवड्यात म्हणून व्हायची. समोरासमोर दोन रांगा, एक चरण यांचा, एक त्यांचा, अगदी आपल्याकडं हरिपाठाला टाळकरी उभे राहतात तसं. पण प्रत्येक चरणाच्या मध्यावर तारका छापलेली असते, तिथं सगळे एकदम थांबतात, मगच उरलेला अर्धा चरण. त्या थांबण्याकडं कान द्या. झोपताना मंद आवाजात लावायचं ‘शांत संगीत’ म्हणून हे विकलं जातं, ते मला मनापासून खटकतं. तसं ऐकलं तर नेमकं हेच निसटतं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर फ्रान्समधल्या सोलेम मठापासून सुरू करा. हा मठ 1833 मध्ये पुन्हा उभा राहिला. तिथल्या साधूंनी युरोपभरची हस्तलिखितं ताडून चाली सुधारल्या आणि 1889 पासून त्या हस्तलिखितांची छायाचित्रं छापायला सुरुवात केली. मठाचे गायनप्रमुख साधू दों गाजार यांच्या हाताखाली तिथं 1930 मध्ये ध्वनिमुद्रण झालं. त्यातला लवचिकपणा आजही ऐकण्यासारखा आहे. स्पेनमधल्या सिलोस मठाचा ‘चांट’ हा अल्बम 1994 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. मुद्रणं मात्र त्याच्या बरीच आधीची होती. आवाज साधे, थोडे खडबडीत, मला आवडतात. बायकांच्या आवाजात ऐकायचं तर फ्रान्समधल्याच झूकच्या मठातल्या जोगिणींचं गायन ‘न्यूम्झ’ या ॲपवर आहे. गाणं चालू असताना नोटेशन समोर सरकतं, तेव्हा शिकणाऱ्यानं ते घ्यावंच. मार्सेल पेरेस यांच्या ऑर्गानुम गटानं जुन्या रोमन चाली धरलेल्या षड्जावर, हरकतींसह गायल्या आहेत. आपल्या कानाला त्या पटकन भावतात, म्हणूनच त्या नंतर ऐका, आधी बिनआधाराचं गाणं.

कागदासाठी ‘लिबेर उझुआलिस’ या चांटच्या जुन्या ग्रंथाची स्कॅन प्रत इंटरनेटवर मिळते. तो 2000 पानांच्या घरात जातो, सगळा छापायला जाऊ नका. त्यातल्या अकराव्या मीस-संचातलं ‘कीरिये’ तेवढं शोधा आणि झेरॉक्स काढा. पहिला मोड, म्हणजे पांढरी दोन. शब्द जेमतेम तीन, अर्थ ‘प्रभो, दया कर’. आधी चाल सोडून नुसते शब्द म्हणा, मग गा, मग रेकॉर्डिंग लावा.

प्रश्न : हे सगळं पोप ग्रेगरींनी रचलं, हे खरं का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. पहिले ग्रेगरी 590 ते 604 पोप होते. आज आपण ऐकतो ते गायन आठव्या-नवव्या शतकात फ्रँक राजांच्या मुलखात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात), रोमच्या आणि तिथल्या चालींच्या मिलाफातून घडलं. मान मिळावा म्हणून नाव ग्रेगरींचं जोडलं गेलं.

प्रश्न : कॉलेजच्या फ्यूजन कार्यक्रमात आम्हाला ग्रेगरियन गाण्याखाली तबला ठेवायचा आहे. रेकॉर्डिंग वापरलं तर चालेल का? — एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : असा प्रयोग नवा नाही. एनिग्मा या गटानं 1990 मध्ये चांटखाली ठेका घालून जगभर खप मिळवला. ‘कीरिये’ला मात्र तबला लावू नका, मात्रेत बसवायला शब्द तोडावे लागतील. ‘वेनी क्रेआतोर’ हे स्तोत्र घ्या. त्याची प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, आपल्या अष्टाक्षरीसारखी मोजलेली, तेव्हा केरवा हलक्या हातानं चालेल. चाल जुनी, ती कुणाच्या मालकीची नाही. रेकॉर्डिंग मात्र ज्यांनी केलं त्यांच्या हक्काचं असतं, ते परवानगीशिवाय उचलू नका. चौघीजणी मिळून स्वतः गा, सगळ्या एकाच सुरात, खालचे-वरचे सूर न मिसळता. निदान पहिलं कडवं तरी तबल्याशिवाय होऊ द्या.